सांगलीच्या ताईंना, उघड्या जॉबकार्डांच्या यादीबद्दल

ताई, सप्रेम नमस्कार.

परवा पुण्याच्या बैठकीत आमच्या साताऱ्याच्या गाड्यांच्या डीलरशिपमधल्या पार्ट्स विभागाचं नाव घेतलं गेलं. डीएमएस, म्हणजे डीलरशिपचा माल-बिलांचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर, बदललं आणि तरी मार्चअखेरचा स्टॉक पहिल्याच दिवशी लेजरशी, म्हणजे हिशेबाच्या वहीशी, जुळला, म्हणून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही मागच्या रांगेत होतात, तुम्हीही वाजवल्या. हे निम्मं काम सांगलीहून फोनवर झालंय, हे मी तेव्हाच उभं राहून सांगायला हवं होतं. माइक हातात होता. मी "टीमचे आभार" एवढंच बोलून खाली बसलो. ते मनाला लागून राहिलंय, म्हणून हे पत्र खासगीत न लिहिता सगळ्यांसमोर लिहितोय.

आपली ओळख जानेवारीतल्या, नव्या सॉफ्टवेअरच्या ट्रेनिंगची. दिवसभर पडद्यावर स्क्रीन दाखवत होते: इथे क्लिक करा, इथे सेव्ह करा. जेवताना मी आधी बदल झालेल्या दोन-तीन डीलरांकडच्या लोकांना विचारलं, काही अडचण आली का? "छे, सगळं सुरळीत," असंच सगळे म्हणाले. तुम्ही मात्र ताट बाजूला ठेवलंत आणि म्हणालात, "माझ्याकडे मोठा घोळ झाला होता. सांगते, लिहून घ्या."

जेमतेम अर्ध्या तासाच्या ओळखीच्या, दुसऱ्या डीलरशिपच्या माणसाला आपली चूक कोण सांगतं? आपल्या धंद्यात स्टॉकमध्ये फरक आला की पहिली नजर स्टोअरच्या माणसाच्या खिशाकडे जाते. ते माहीत असूनही तुम्ही सांगितलंत.

ज्यांनी स्टोअर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी तो घोळ थोडक्यात लिहितो. गाडी लिफ्टवर असते, तिच्यासाठी स्टोअरमधून ब्रेक पॅड काढून दिलेले, म्हणजे इश्यू झालेले असतात, पण बिल व्हायचं असतं. म्हणजे पॅड रॅकवर नाहीत आणि विक्रीतही आलेले नाहीत. सॉफ्टवेअर बदललं की त्या गाडीचं जॉबकार्ड, म्हणजे तिच्या कामाची नोंद, नव्या सिस्टीममध्ये पुन्हा उघडावं लागतं आणि तेच पॅड पुन्हा इश्यू करावे लागतात. तुम्ही ओपनिंग स्टॉक, म्हणजे सुरुवातीचा साठा, म्हणून रॅकवर मोजलेला मालच भरला होता. पहिल्या सकाळी इश्यू करायला गेलात तर सिस्टीम म्हणते, माल नाही. ग्राहक काउंटरवर उभा, अ‍ॅडव्हायझरची घाई. मुलांनी हातानं स्टॉक वाढवून बिलं काढली, कुणी एकदा वाढवला तर कुणी दोनदा. पुढचे दोन महिने तुम्ही रोज रात्री एकेक जॉबकार्ड काढून तो गुंता सोडवत होतात. मालकांसमोर बसून नगानगाचा हिशेब द्यावा लागला, हे सांगताना तुमचा आवाज बारीक झाला होता.

म्हणून तुमचं पहिलं वाक्य मी डायरीच्या पहिल्या पानावर लिहिलं: "रॅक मोजण्याआधी उघडी जॉबकार्डं मोजा." आमच्याकडे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ती 37 निघाली. ज्यांची बिलं होण्यासारखी होती ती करून टाकली. 11 उरली. त्यांवरचा माल वेगळ्या कागदावर लिहिला आणि ओपनिंगमध्ये "वर्कशॉप" नावाचा एक बिन, म्हणजे कप्पा, करून त्यात टाकला. 1 एप्रिलला नव्या सिस्टीममध्ये पहिला इश्यू त्याच बिनमधून झाला, तोही ब्रेक पॅडचाच. पसरणी घाट उतरून येणाऱ्या गाड्यांमुळे आमच्याकडे सगळ्यात जास्त तेच जातात.

दिवस मोठे अडचणीचे होते. 30 मार्चला पाडवा, म्हणजे शोरूमला डिलिव्हरीची रांग आणि आमच्या काउंटरवर मॅट, सीट कव्हर, मडफ्लॅप यांसाठी झुंबड. त्या दिवशी मोजणी करणं अशक्य होतं. तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं की न हलणारे रॅक चार दिवस आधी मोजा आणि मोजलेल्या रॅकवर चिकटपट्टी लावा. पट्टी फाडून कुणी नग काढला तर कागदावर सही करायची. रोज जाणारा माल शेवटच्या रात्रीसाठी ठेवायचा. मोजणीच्या कागदावर सिस्टीमचा आकडा छापायचा नाही, असंही तुम्ही बजावलं होतंत. आकडा दिसला की माणूस मोजत नाही, टिक करतो. पंधरा वर्षं मी आकडा छापलेला कागद देत आलो होतो. या वेळी कोरा दिला, तेव्हा एकच ऑइल फिल्टर दोन बिनमध्ये दोन नंबरांनी पडलेला सापडला, एक कंपनीचा जुना नंबर आणि एक त्याच्या जागी आलेला नवा. गेले कित्येक महिने आमची मुलं नव्या नंबरानं शोधून "माल नाही, मागवावा लागेल" असं ग्राहकाला सांगत होती आणि फिल्टर दोन रॅक पलीकडे होता.

पार्ट नंबरांची फाइल मी थेट एक्सेलमध्ये उघडली असती, तर नंबरांच्या सुरुवातीची शून्यं गेली असती आणि लांब नंबरांच्या जागी 8.71ई+11 असलं काहीतरी आलं असतं. इम्पोर्ट करताना तो रकाना टेक्स्ट म्हणून निवडायचा, हे तुम्ही व्हिडिओ कॉलवर माझ्याकडून तीनदा करून घेतलंत. सॉफ्टवेअर कंपनीच्या हेल्पलाइनवर आमची तक्रार तेव्हा "प्रक्रियेत" होती.

आणि 31 तारखेची रात्र. त्या दिवशी ईद होती. आमचा हेल्पर घरचं सगळं आटोपून, कुणी न बोलावता, शिरखुर्म्याचा डबा घेऊन दुपारी मोजणीला आला. रात्री अकराला मोजणी संपली, बेरीज मारली, तर लेजरपेक्षा सव्वा लाख कमी. माझे हातपाय गार पडले. तुमच्याकडेही वर्षअखेर होती, तरी तुम्ही दुसऱ्या रिंगला फोन उचललात. आकडा ऐकून जरा वेळ गप्प राहिलात आणि विचारलंत, "तेल कशात मोजलंत?" मला समजेना. तुम्ही म्हणालात, "रॅकवरचे नग चुकले असते तर फरक कुठे कमी, कुठे जास्त असा विखरून आला असता. हा एकाच जागचा आहे. ड्रम बघा."

इंजिन ऑइलचे 210 लिटरचे दोन सीलबंद ड्रम होते. मोजणाऱ्यानं "2" लिहिलं होतं आणि सिस्टीम लिटरमध्ये हिशेब करते. 2 च्या जागी 420 भरले आणि फरक किरकोळ नगांवर आला. फोनवर तुम्ही हसलात आणि म्हणालात, "झोपा आता." मी खुर्चीतच बसून राहिलो होतो, ताई. वडील गेल्यावर डोळे भरून आले होते, त्यानंतर त्या रात्री.

सप्टेंबरमध्ये तुमचा आणखी एक आग्रह उपयोगी पडला. डेटा भरताना प्रत्येक पार्टचा एचएसएन कोड, म्हणजे करासाठी मालाचा प्रकार सांगणारा आकडा, तपासा, कराचा दर कोडला जोडा, एकेका पार्टला नको, असं तुम्ही म्हणाला होतात. मार्चमध्ये ते काम मला जाच वाटलं होतं. 3 सप्टेंबरला सुट्या भागांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर येणार असल्याचं जाहीर झालं, तेव्हा ज्यांची गाडी चालण्यासारखी होती त्यांनी काम पुढे ढकललं. 22 तारखेला, घटस्थापनेच्या सकाळी, ते सगळे एकदम आले. 8708 कोडचा, म्हणजे गाड्यांच्या सुट्या भागांचा, माल आदल्या दिवसापर्यंत 28 टक्क्यांत होता. पहिलं बिल छापलं, 18 टक्के बरोबर लागले होते. एकही बिल रद्द करावं लागलं नाही.

तुमच्या मालकांना हे पत्र वाचायला द्या, असं मी सांगणार नाही. मीच त्यांना पाठवतोय. त्या दोन महिन्यांत त्यांच्या मनात तुमच्याबद्दल कधी शंका आली असेल, तर दुसऱ्या एका डीलरशिपचं वर्ष त्याच अनुभवामुळे वाचलं, हे त्यांना कळायला हवं.

मोजणीत आमच्याकडे एक मागच्या दाराचा विंडो रेग्युलेटर निघाला, तीन वर्षं न हललेला. तुमचा एक ग्राहक त्यासाठी थांबलाय असं बैठकीत चहाच्या वेळी तुम्ही म्हणाला होतात. उद्या सकाळच्या सांगली एसटीनं पार्सल करतोय, बिल डब्यातच ठेवलंय. डाव्या बाजूचा आहे. उजवा हवा असेल तर आज रात्रीच फोन करा.

तुमचा,
साताऱ्याचा पार्ट्स इनचार्ज