त्या काळी कुणाला काही वाटत नव्हतं, असं कोण म्हणतं?

प्रिय आई, बाबा,

फोनवर हा विषय निघाला की बाबांचा आवाज चढतो, मग माझा चढतो, आणि आई मधेच "बरं ते जाऊ दे, तब्येत कशी आहे तुझी" म्हणून गाडी दुसरीकडे वळवते. म्हणून लिहूनच पाठवतेय. लांबलचक होणार आहे, चष्मा लावून बसा.

विषय तोच, ग्रुपवरचा. बाबांनी ती जुन्या विनोदवीराची क्लिप टाकली, तोतऱ्या माणसाची नक्कल करतो ती, त्यावर चिनूने लिहिलं "आजोबा, हे फनी नाहीये", आणि बाबांनी त्या पोरीला भलामोठा मेसेज लिहिला की आमच्या काळी लोकांना विनोद कळायचा, कुणाला काही वाटायचं नाही, आता हसायचीही चोरी झालीय. त्यानंतर ग्रुपवर नुसती गुड मॉर्निंगची फुलं चाललीयत. कुणी काही बोलत नाही.

बाबा, आधी तुमची बाजू घेते, कारण तुमचं सगळंच चुकीचं आहे असं मला अजिबात वाटत नाही. जुन्या माणसाला आजच्या फूटपट्टीने मोजू नये हे तुमचं म्हणणं बऱ्यापैकी खरं आहे. आणि ही फूटपट्टी बदलते ती काही एकाच दिशेने बदलत नाही. अमेरिकेत लेनी ब्रूस नावाचा विनोदवीर होता, 1964 मधे न्यूयॉर्कच्या कोर्टाने त्याला अश्लील बोलतो म्हणून दोषी ठरवलं, 1966 मधे बिचारा गेला, आणि 2003 मधे तिथल्या गव्हर्नरने त्याला माफी दिली, म्हणजे मेल्यावर सदतीस वर्षांनी! तिथल्याच जॉर्ज कार्लिन या विनोदवीराला 1972 मधे स्टेजवर शिव्यांची यादी म्हणून दाखवली म्हणून अटक झाली होती. आज ते शब्द कुठल्याही वेबसिरीजमधे पहिल्या दहा मिनिटात ऐकू येतात आणि आपण आवाज कमी करण्यापलीकडे काही करत नाही.

आता याची उलटी बाजू बघा. ज्या वर्षांत ब्रूसला कोर्टात उभं केलं त्याच वर्षांत ब्रिटनमधे बीबीसीवर एक गाण्याबजावण्याचा कार्यक्रम चालायचा, गोरे गायक तोंडाला काळा रंग फासून काळ्या लोकांचं सोंग घ्यायचे. द ब्लॅक अँड व्हाइट मिन्स्ट्रेल शो. कोट्यवधी लोक घरात पोराबाळांना घेऊन बघायचे, 1961 मधे त्याला युरोपातलं मोठं टीव्ही बक्षीस पण मिळालं. म्हणजे तो स्वच्छ, सहकुटुंब बघायचा कार्यक्रम, आणि ब्रूस घाणेरडा. आज त्यातलं काय बघवत नाही ते सांगायला नको.

इथपर्यंत आपलं जमतंय ना? आता जिथे जमत नाही तिथे येते.

"कुणाला काही वाटत नव्हतं." बाबा, हे वाक्य तुम्ही इतक्या खात्रीने म्हणता की ऐकणाऱ्याला खरंच वाटावं. त्या मिन्स्ट्रेल शोविरुद्ध 1967 मधे वर्णभेदाविरुद्ध काम करणाऱ्या एका संघटनेने बीबीसीकडे रीतसर अर्ज केला होता की हे बंद करा. 1967! म्हणजे तुम्ही ज्याला "तो काळ" म्हणता त्याच काळातली ती माणसं होती, ती काही भविष्यातून आली नव्हती. त्यांना तेव्हाच वाटत होतं आणि त्यांनी ते लेखी सांगितलं होतं. कार्यक्रम त्यानंतरही अकरा वर्षं चालला, 1978 पर्यंत. वाटत सगळं होतं, पण ज्यांना वाटत होतं त्यांना कुणी मोजत नव्हतं. हॉलमधल्या रेकॉर्डिंगमधे हसणाऱ्यांचा आवाज येतो, न हसणाऱ्याचा कधी येत नाही, त्यामुळे पन्नास वर्षांनी ऐकताना वाटतं की अख्खं जग हसत होतं.

आणि यातली सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे ब्रिटिश विनोदवीर लेनी हेन्री. हा स्वतः काळा, 1975 मधे टीव्हीवरची एक स्पर्धा जिंकून पुढे आला तेव्हा सोळा वर्षांचा पोरगा, आणि त्याला काम मिळालं ते त्याच मिन्स्ट्रेल शोच्या स्टेजवरच्या प्रयोगांत. तो स्वतःच्या रंगावर जोक करायचा आणि लोक खूश व्हायचे. तेव्हा कुणी म्हणालंच असेल ना की बघा, त्यालाच काही वाटत नाही तर तुम्हाला काय! पुढे मोठा झाल्यावर त्याने त्या दिवसांची खंत उघडपणे बोलून दाखवलीय. सोळा वर्षाच्या पोराला पोट भरायचं असतं, तो हसतो. शाळेतला तोतरा मुलगा पण हसतोच की, नाही हसला तर जास्त चिडवतात.

बरं, त्या काळातल्या विनोदवीरांना तरी हे कळत नव्हतं का? तर कळत होतं. हाच कार्लिन, अटक झालेला, तोंडाचा फाटका, 1990 मधे टीव्हीवर मुलाखत देत होता आणि त्याला अँड्र्यू डाइस क्ले या तेव्हाच्या गाजलेल्या विनोदवीराबद्दल विचारलं. क्ले बायकांवर, समलिंगींवर, बाहेरून आलेल्यांवर जोक करून स्टेडियम भरवायचा. कार्लिनचं म्हणणं साधारण असं होतं की त्याला बोलायचा हक्क आहे, पण विनोद आजवर सत्तेवर बसलेल्यांची टोपी उडवत आलाय आणि हा मात्र आधीच दबलेल्यांच्या मागे लागलाय, ते मला विचित्र वाटतं. पन्नाशी पार केलेला माणूस हे बोलला, आमच्या पिढीतलं हळवं कार्टं नाही.

म्हणून मला वाटतं की "काळ तसा होता" हे कारण अर्ध्यावरच थांबतं. काळ तसा होता म्हणजे माइक ज्याच्या हातात होता त्याचा काळ तसा होता. तुम्ही चॅप्लिनवर जीव टाकता ना बाबा, मग तोच बघा, त्याचा तो 'भटक्या' पोलिसाची, शेठची, मुजोर मुकादमाची फजिती करतो, आणि 1940 मधे तर द ग्रेट डिक्टेटर सिनेमात हिटलरचीच केली. ते आजही जसंच्या तसं चालतं. गंमत म्हणजे त्या सिनेमाबद्दल त्याने स्वतःच 1964 च्या आत्मचरित्रात लिहिलंय की छळछावण्यांमधे खरं काय चाललंय हे माहीत असतं तर मी तो सिनेमा करूच शकलो नसतो. ज्याच्याकडे कुणी बोट दाखवत नव्हतं तो माणूस मागे वळून असं म्हणतो, आणि आपण एका फॉरवर्डसाठी भांडतोय.

आता माझ्या पिढीबद्दलही बोलते, नाहीतर तुम्ही म्हणाल पोरगी एकतर्फी आहे. 2018 मधे केव्हिन हार्ट या अमेरिकन विनोदवीराला ऑस्करचा सूत्रसंचालक नेमला आणि लगेच कुणीतरी त्याची समलिंगींबद्दलची जुनी ट्वीट उकरून काढली, त्याने काम सोडलं, आणि पुढचा ऑस्कर सोहळा सूत्रसंचालकाशिवायच झाला. ट्वीट वाईटच होती. पण नेमणूक झाली की खोदकाम सुरू, हे मला पटत नाही, त्यात न्यायापेक्षा शिकारीची मजा जास्त दिसते. तसंच 2020 मधे फॉल्टी टॉवर्स या जुन्या ब्रिटिश विनोदी मालिकेचा जर्मन पाहुण्यांचा 1975 मधला भाग एका चॅनेलने काढूनच टाकला, कारण त्यात म्हातारा मेजर वर्णद्वेषी शब्द बोलतो. मालिकेचा लेखक आणि मुख्य नट जॉन क्लीज वैतागला, म्हणाला अहो आम्ही त्या मेजरलाच हसत होतो, त्याच्या मताला पाठिंबा देत नव्हतो! बरोबरच होतं त्याचं. मग चॅनेलने वरती इशारा लिहून भाग परत लावला, आणि मला विचाराल तर हेच आधी करायला हवं होतं. जुनं पुसून टाकलं तर चिनूच्या पिढीला कळणार कसं की लोक कशाकशाला हसायचे.

पण थांबा, लगेच खूश होऊ नका. 2024 मधे क्लीजने त्याच मालिकेचं नाटक लंडनला आणलं तेव्हा मेजरचे ते शब्द त्याने स्वतःच काढले. कारण दिलं की काही लोकांना उपरोध कळत नाही. थोडा कुरकुरत काढले, पण काढले. आणि तो म्हणतो ते खोटं नाही. अमेरिकेत 1971 पासून ऑल इन द फॅमिली नावाची मालिका लागायची, त्यातला आर्ची बंकर हा बाप सगळ्या जातीधर्माच्या लोकांना नावं ठेवायचा, आणि लिहिणाऱ्यांचा हेतू त्यालाच हास्यास्पद करायचा होता. 1974 मधे विडमर आणि रोकीच या दोन संशोधकांनी प्रेक्षकांना विचारून पाहिलं, तर ज्यांच्या मनात मुळातच पूर्वग्रह जास्त होते ते आर्चीच्याच बाजूने बघत होते, त्यांना शेवटी तोच जिंकल्यासारखा वाटायचा. एकच जोक, एकाच खोलीत बसलेली दोन माणसं, आणि दोघं वेगवेगळ्या माणसाला हसतायत. त्यामुळे "माझा हेतू वाईट नव्हता" हे खरं असलं तरी पुरेसं नसतं, हे मला तो अभ्यास वाचल्यापासून डोक्यातून जात नाही.

मग जुन्या विनोदवीरांचा हिशोब करायचा कसा? मला तरी त्या माणसाने पुढे काय केलं यात जास्त रस आहे. रिचर्ड प्रायर या अमेरिकन विनोदवीराचं उदाहरण घ्या, 1974 च्या त्याच्या अल्बमच्या नावातच काळ्यांसाठीची ती शिवी होती, तो स्वतः काळा, अल्बमला ग्रॅमी मिळालं, कुणी त्याला थांबवलं नव्हतं. 1979 मधे तो केनियाला गेला, तिथे सगळीकडे आपल्यासारखीच माणसं आपापली कामं करताना बघितली आणि परत आल्यावर तो शब्द वापरायचा नाही असं ठरवलं, 1982 च्या कार्यक्रमात ते स्टेजवर सांगितलं. तरीही त्यानंतर तो कमी विनोदी झाला असं कुणी म्हणत नाही. एडी मर्फीने 1983 मधे, वय वर्षं बावीस, एड्सवर आणि समलिंगींवर इतके क्रूर जोक केले की आज ऐकवत नाहीत. त्याने 1996 मधे माफी मागितली, आणि 2019 मधे पुन्हा म्हणाला की ते जुनं बघताना मलाच कसंतरी होतं. बाबा, मर्फीला जर स्वतःचं जुनं ऐकून कसंतरी होत असेल तर आपण त्याच्या वतीने इतकं का भांडायचं?

जे हयात नाहीत त्यांच्याकडून माफी कुठून आणणार, त्यांना राहू दे. त्यांचं चांगलं काम चांगलंच आहे, मी पण बघते, हसते.

राहता राहिला तोतरेपणा. आपल्या सुप्रीम कोर्टासमोर एका हिंदी सिनेमाबद्दल हाच प्रश्न आला होता, अपंगांची चेष्टा केलीय म्हणून. 8 जुलै 2024 चा निकाल आहे. कोर्टाने सिनेमावर बंदी वगैरे घातली नाही, पण एक फरक नीट मांडला, की अपंगत्वाबद्दलचा विनोद वेगळा, ज्यातून ते आयुष्य समजतं, आणि अपंग माणसाला खाली दाखवणारा विनोद वेगळा. तुम्ही टाकलेल्या क्लिपमधे तो तोतरा माणूस काय म्हणतोय हे कुणाला आठवतंय का? मी मुद्दाम परत बघितली. त्याला धड वाक्यच दिलेलं नाही. तो अडखळतो आणि लोक हसतात, संपला जोक. मला तर राग येण्याआधी कंटाळाच आला, कारण यात लेखकाने कष्टच घेतले नाहीत, प्रेक्षक आधीच हसायला तयार बसलेत. जुन्या जोकांपैकी निम्मे असेच विटलेत असं माझं मत आहे, नैतिकता वगैरे सोडा.

आणि आता आई, तुझ्याशी बोलायचंय. बायकोवरचे जोक. हेनी यंगमन नावाच्या विनोदवीराने बायकोला कुणीतरी घेऊन जा बुवा अशा अर्थाच्या एका ओळीवर अख्खी कारकीर्द काढली, आणि त्याच्यासारखे सगळ्या भाषांत शेकड्याने झाले. आपल्याकडे पाहुणे जमले की बाबा आणि काका एकामागून एक सांगायचे, बायको आणि शॉपिंग, बायको आणि बडबड, बायको माहेरी गेली आणि नवऱ्याने सुटकेचा श्वास सोडला. तू हसायचीस. मला तुझं ते हसू चांगलं आठवतंय, ओठ हसायचे आणि हात तोवर दुसरंच काहीतरी आवरायला लागायचे. लहान असताना मला वाटायचं आईला आवडतंय. बाबांनाही तसंच वाटत असणार, आणि त्यात त्यांचा दुष्टपणा होता असं मी म्हणत नाही, त्यांचा तुझ्यावर जीव आहे हे सगळ्या दुनियेला माहितीय. पण "त्या काळी कुणाला काही वाटत नव्हतं" असं ते जेव्हा म्हणतात तेव्हा त्या "कुणाला" मधे तूही येतेस ना. तुला कधी विचारलं होतं का कुणी?

मी विचारतेय. खरंच काही वाटत नसेल तर तसं सांग, मी ऐकून घेईन, आणि एखादा जोक तुला मनापासून आवडत असेल तर तोही लिही. फक्त ग्रुपवर नको, आणि बाबांच्या फोनवरून तर अजिबात नको. स्वतःच्या हाताने लिहून वेगळं पाठव. बाबा, तुम्ही ते वाचायला मागायचं नाही.

तुमची,
लेक