मावशी, तुमच्या तळहातावर पाय ठेवून उतरले

मावशी, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, ही चुटपुट मे महिन्याच्या पहिल्या रविवारपासून मनाला लागून आहे. तुम्हीही माझं विचारलं नाहीत. "बेळगावास्नं आलासा?" एवढंच म्हणालात, करवंदांचं डालगं खाली ठेवलंत आणि थेट कातळाखाली येऊन उभ्या राहिलात. तुमचा नातू बेळगावात कॉलेजला आहे म्हणालात ना, त्याच्या मोबाईलवर हे पत्र पोचेल आणि तो तुम्हाला वाचून दाखवेल, या आशेवर इथं सगळ्यांसमोर लिहिते आहे.

खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीच्या पलीकडचा तो डोंगर. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. सीतेची वेणी हे ऑर्किड झाडावरून ओरबाडून बाल्कनीतल्या कुंडीत लावणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि ती कुंडीत जगत नाही हेही पाहिलं आहे.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. उन्हाळ्यात रानात काय फुलतं हे मुलांना सांगायचं तर आधी स्वतः बघायला हवं, म्हणून आम्ही दोघी मैत्रिणी पहाटेच निघालो होतो. दोन दिवस आधी वळीव पडून गेला होता. पायथ्याला भुईचाफा वर आला होता. ना पान, ना देठ, मातीतून सरळ पांढरी-जांभळी फुलंच. त्याची पानं मागून येतात. वर कुडा पांढराशुभ्र फुललेला, त्याचा वास चढणभर सोबतीला. अंजनी सरत आली होती, तरी सावलीतल्या दोन झाडांच्या फांद्यांना निळाईचे झुबके अजून चिकटून होते. मी प्रत्येक झाडापाशी थांबत होते. मैत्रीण पुढं निघून माथ्यावर पोचली.

मधला तो कातळाचा टप्पा मी चढले तेव्हा काहीच वाटलं नाही. जांभा हाताला खरखरीत, बोटं बसतात, बूट धरतो. वरच्या झाडावर सीतेची वेणी लोंबत होती, गुलाबी ठिपक्यांचा गजरा. नजर तिच्यावर, पाय आपोआप. परत फिरले तेव्हा कळलं की वर जाताना डोळ्यांपुढं असलेल्या खाचा उतरताना पोटाखाली जातात, दिसतच नाहीत. मी तोंड दरीकडं करून बसत बसत उतरायला लागले. एक कड सुटली, म्हणून शेजारची कुड्याची फांदी धरली, ती कट्दिशी मोडली. डावा घोटा मुरगळला. हाका मारल्या, पण वारा उलटा होता. मोबाईलवरचा नकाशा दुसरीच एक वाट दाखवत होता, पश्चिमेच्या ओढ्यानं खाली जाणारी. मी त्याच वाटेला लागणार होते.

तेवढ्यात खालून तुमचा आवाज आला. "तिकडं नको! त्या अंगाचं पाणी गोव्याला जातंय. उतरलासा तर गाव लागायचं न्हाई."

मलप्रभेचा उगम कणकुंबीत, माउलीच्या देवळापाशी, आणि तिथून सुमारे 300 किलोमीटर वाहत ती कूडलसंगमला कृष्णेला मिळते, हे मी वर्गात फळ्यावर काढून दाखवते. याच खानापूर तालुक्यातली म्हादई मात्र पश्चिमेला वळून गोव्यात मांडवी होते, तेही शिकवते. पण ज्या धारेवर हे पाणी दोन्हीकडं वाटलं जातं तिथं मी स्वतः उभी आहे, हे तुम्ही सांगेपर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मग तुम्ही म्हणालात, "कुडा नुसता फुलायला बाई. फुलं चांगली हाइत, खरं धरायला उपेग न्हाई. अंजनीला धरा, ती सोडत न्हाई. पांगाऱ्याला हात लावू नकासा." मावशी, इतकी वर्षं मी झाडं फुलांवरून, पानांवरून ओळखत आले. अंजनीचं लाकूड कठीण, कुड्याचं मऊ, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. त्या क्षणी ते हाताला ठाऊक नव्हतं. मनगटाएवढं ते अंजनीचं खोड धरलं तेव्हा ते जरासुद्धा हललं नाही.

"तोंड कातळाकडं करा. दोन हात आन् एक पाय पक्का झाल्याबिगर दुसरा पाय उचलू नकासा." गिर्यारोहणाच्या शिबिरात हेच शिकवतात. तुम्ही मात्र सांगून थांबला नाहीत. स्वतः दोन हात वर चढलात, माझ्या बुटाखाली तळहात धरलात आणि प्रत्येक वेळी तो अलगद खाचेत नेऊन ठेवलात. बुटाला चिखल होता, तळाचे खिळे टोचत असणार. तुम्ही हात काढला नाहीत. एकदाही मला ओढलं नाहीत, उचललं नाहीत. माझ्याच पायांनी मला खाली आणलंत. शेवटच्या पायरीला तुमच्या बोटांना करवंदाचा चीक चिकटलेला दिसला, आणि मला रडू आलं. तुम्ही तिकडं बघितलंच नाही, डोक्यावरचा टॉवेल सोडलात आणि घोटा आवळून बांधलात.

वाड्यावर ताक दिलंत, नाचणीची भाकरी दिलीत. मैत्रीण हाका मारत आली तोवर मी तुमच्या म्हशीची सगळी हकीकत ऐकली होती. पैशाला तुम्ही हात लावला नाहीत.

घोटा आता बरा आहे. टॉवेल धुऊन, घडी घालून कपाटात ठेवलाय. पाऊस लागला की ओढ्यावरची वाट बंद होते म्हणालात, म्हणून त्याच्या आधीच येते. येताना कुंदा आणते. या खेपेला नाव विचारल्याबिगर उठणार नाही.

तुमची,
बेळगावची बाई