आकडा लिथिअमचा की कार्बोनेटचा?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बॅटऱ्यांविषयीच्या बातम्यांत 'इतके टन लिथिअम' असे छापले जाते, तेव्हा पुष्कळदा तो आकडा धातूचा नसून लिथिअम कार्बोनेट या क्षाराचा असतो. या क्षारात लिथिअम वजनाने जेमतेम १८.८ टक्के असते. म्हणजे एक किलो धातू मिळायला सुमारे ५.३ किलो कार्बोनेट लागते, आणि दोन्ही आकडे एकाच बातमीत मिसळले की वाचकाचा हिशेब पाचपटीने चुकतो. धातू हवेत लगेच काळवंडतो म्हणून तेलात बुडवून ठेवावा लागतो. कार्बोनेटची पांढरी भुकटी मात्र उघड्यावरही टिकते, आणि व्यापार तिचा चालतो यात नवल नाही.

तयार करण्याची रीत दिसायला सोपी आहे. खारे भूजल उन्हात आटवून, त्यातले मॅग्नेशिअम व कॅल्शिअम काढून टाकून, उरलेल्या लिथिअम क्लोराइडच्या गरम द्रावणात सोडिअम कार्बोनेट घातले की पांढरा साका खाली बसतो. स्पॉड्युमिन या खनिजापासून सुरुवात केली, तर ते आधी हजार अंश सेल्सिअसच्या वर भाजून मग सल्फ्युरिक आम्लाबरोबर तापवावे लागते. शेवटची पायरी पुन्हा सोडिअम कार्बोनेटचीच.

खरी गंमत द्रावण गरम ठेवण्यात आहे. बहुतेक क्षार गरम पाण्यात अधिक विरघळतात, हा मात्र उलट वागतो : १०० मिलिलिटर पाण्यात २० अंशांना सुमारे १.३ ग्रॅम, तर उकळत्या पाण्यात केवळ ०.७ ग्रॅम. मी पहिल्यांदा हा क्षार केला, तेव्हा सवयीने साका गार पाण्याने चार वेळा धुतला आणि वाळवून तोलला, तर तो फारच कमी भरला. गाळलेले पाणी शेगडीवर ठेवले, तेव्हा उकळी येता येता ते गढूळ होऊ लागले. हरवलेला माल त्यातच होता. या स्वभावामुळे शुद्धीकरणाची वाटही वेगळी आहे. पाण्यात कालवलेल्या भुकटीतून कार्बन डायऑक्साइड सोडला की बायकार्बोनेट होऊन ती विरघळते, न विरघळलेला मळ गाळून टाकता येतो, आणि द्रावण तापवताच वायू निघून जाऊन कार्बोनेट परत मिळते.

आपल्या दैनिकाने निदान आकड्यापुढे 'धातू' की 'कार्बोनेट' एवढे छापावे, ही विनंती.

आपला,
रसायनशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक