पट्टी बँकेची, नोटा आमच्या!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘ग्राहकांनी नोटा खिडकीवरच तपासून घ्याव्यात’ हा बँकवाल्यांचा सल्ला कालच्या अंकात वाचला. आभारी आहोत. तपासायचं कशानं, एवढं तेवढं राहून गेलं. यंत्र काचेच्या आत, आम्ही बाहेर, अन् मागं रांगेतली माणसं ‘काका, आटपा’ म्हणून खेकसणार!

वसमतच्या मोंढ्यात हळद घातली, पैसे खात्यावर आले. विहिरीच्या कामासाठी पन्नास हजार काढले. पाचशेच्या शंभर नोटांचं कोरं बंडल मिळालं, वर कागदी पट्टी, पट्टीवर बँकेचा शिक्का आणि सही. काम लांबलं. चौथ्या दिवशी तेच बंडल, पट्टीला हातही न लावता, त्याच खिडकीवर परत भरायला नेलं. कॅशियरनं माझ्यासमोर पट्टी फाडली, नोटा यंत्रात घातल्या आणि त्यातल्या दोन नोटा बाजूला काढल्या. म्हणे खोट्या आहेत. मी टेबलावर पडलेल्या पट्टीकडं बोट दाखवलं. त्यावर उत्तर आलं, “काका, पट्टी आमची असेल, नोटा तुम्ही आणल्यात.”

नोटांवर शिक्का मारला, जप्त करून घेतल्या, पावती दिली. हजार रुपये गेले. वर साहेबांनी उपकाराच्या सुरात ऐकवलं की चारपर्यंत नोटा असल्या तर पोलिसांकडं नुसता महिन्याचा अहवाल जातो, पाच निघाल्या असत्या तर गुन्हाच नोंदवावा लागला असता. म्हणजे तीन नोटांनी वाचलो म्हणायचं!

शंभर आणि त्यावरच्या नोटा यंत्रावर तपासल्याशिवाय पुन्हा ग्राहकाला देऊ नयेत, हा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. एटीएममधून खोटी नोट निघाली, तर ती चलनात आणायचा प्रयत्न त्या बँकेनंच केला असं समजतात. मग खिडकीवरून हाती दिलेल्या बंडलाचा धनी कोण? ‘खिडकी सोडल्यावर तक्रार चालणार नाही’ ही पाटी आमच्यासाठी आहे. बँकेसाठी अशी पाटी कुठं लावलेली दिसली नाही. आपल्या वार्ताहरानंही सल्ला जसाच्या तसा छापला, हा प्रश्न काही विचारला नाही.

वरिष्ठांकडं अर्ज करायचा, तर पैसे काढल्याची नोंद पासबुकात हवी म्हणतात. पासबुक छापायचं यंत्र दिवाळीपासून बंद आहे. रोज ‘उद्या या’. मोबाइलवर बघा म्हणतात. माझा मोबाइल बटणांचा आहे.

जप्तीची पावती माझ्याकडं आहे. फाटलेली पट्टीही उचलून आणली आहे. पासबुक छापून मिळालं की तिन्ही घेऊन आपल्या कार्यालयात येतो.

– एक हळद उत्पादक, वसमत (जि. हिंगोली)