बंड्यास पत्र : आधी वजन सांग, मग उंचीचं बोलू

सोलापूर
डिसेंबर 2025

प्रिय बंड्या,

पत्र मिळालं, सोबतची यादीही मिळाली. इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप घेतलीस हे वाचून लई बरं वाटलं बे. सीना नदीच्या पुरानंतर शेताकडच्या रस्त्याची काय दैना झाली आहे ते मागच्या महिन्यात मोहोळला जाऊन डोळ्यांनी बघून आलोय. तुझे आण्णा त्या चिखलातून मोटरसायकलवर खताचं पोतं घेऊन जात होते. आता त्यांचा तो त्रास वाचेल, म्हणून ही गाडी नीट उभी राहावी असं मला मनापासून वाटतं.

आता तुझी यादी. चार इंच लिफ्ट, म्हणजे गाडी तेवढी वर उचलणं, पुढे लोखंडी बंपर, रुंद टायर, टपावर रॅक, लाइट बार आणि स्नॉर्कल, म्हणजे इंजिनाला टपाच्या उंचीवरून हवा देणारा पाइप. यातलं निम्मं मी काढायला सांगणार आहे आणि राहिलेलं वेगळ्या क्रमानं करायला. रागावू नकोस, पूर्ण वाच.

पहिला प्रश्न मी तुला विचारतो, आणि कुठल्याही चांगल्या मिस्त्रीनं हाच विचारायला हवा : गाडीत कायम किती वजन असणार? कधीमधी चढवलेलं मोजू नकोस, रोज अंगावर असणारं सांग. या एका उत्तरावर पुढचं सगळं ठरतं. ऑस्ट्रेलियन कंपन्यांचे सस्पेन्शन सेट येतात ते उंचीपेक्षा वजनाच्या हिशोबानं निवडायचे असतात. मागचे पाटे (एकावर एक पट्ट्यांच्या स्प्रिंगा) रिकाम्या गाडीसाठी वेगळे, कायम दोन-तीनशे किलो असेल तर वेगळे, त्याहून जास्त असेल तर आणखी वेगळे. पुढच्या कॉइल स्प्रिंगाही तशाच. कंपनीचा बंपर ठेवणार असशील तर एक, लोखंडी बंपर आणि विंच (रुतलेली गाडी ओढायचा रहाट) लावणार असशील तर दुसरी. दुकानदार तुला सगळ्यात कडक सेट दाखवेल, कारण तो दिसायला उंच बसतो. पण रिकाम्या हौद्यावर कडक पाटे टाकलेस तर मागची चाकं चाकोरीत टेकतच नाहीत, नुसती उड्या मारतात. त्यात आण्णा शेजारी बसणार. त्यांच्या कमरेचा विचार कर.

माझ्या गाडीत सांगोल्याच्या बागेतून डाळिंबाची पंधरा कॅरेट येतात. एक कॅरेट 20 किलोचं धर, म्हणजे 300 किलो झाले, वर फवारणीचं सामान. म्हणून मी मधले पाटे टाकले. तुझं तसं नाही. तू आठवडाभर चिंचवडला रिकामी फिरवणार आणि शनिवार-रविवारी दोन पोती, पाण्याचा एक ड्रम. तुला हलकेच पाटे हवेत.

आता चार इंचांचं. व्ही-क्रॉसला पुढे डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाक आपापल्या दोन आर्मवर हलतं आणि त्याला ताकद पोचवणारी ड्राइव्ह शाफ्ट तिरकी बसते. गाडी जितकी वर उचलशील तितका त्या शाफ्टचा कोन वाढतो. 40 ते 50 मिलिमीटरपर्यंत ती सुखानं फिरते. त्यापुढे गेलास की शाफ्टच्या टोकाच्या सांध्याचा, म्हणजे सी.व्ही. जॉइंटचा, रबरी बूट फाटतो, ग्रीस बाहेर पडतं, आत धूळ शिरते, आणि आपल्याकडच्या धुळीत तो जॉइंट फार दिवस टिकत नाही. वरच्या आर्मचा कोनही बिघडतो, मग अलाइनमेंट जुळत नाही आणि टायर आतल्या कडेनं खाल्ले जातात. चार इंचांसाठी डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरचा गोळा) खाली घ्यावं लागतं, आर्म बदलावे लागतात, आणि एवढं करून शेतावर जायला त्याचा काडीचा उपयोग नाही.

नाही म्हणतो त्याचं कारण ऐक. सस्पेन्शनची लिफ्ट बॉडी आणि चेसिस वर नेते. मागच्या ॲक्सलचा मधला गोळा, म्हणजे मागचं डिफरन्शियल, जिथल्या तिथंच राहतो, कारण तो चाकांच्या मधोमध आहे. तुमच्या बांधावरच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांनी दोन खोल चाकोऱ्या पाडल्या आहेत आणि मधे मातीचा उंचवटा राहिला आहे. गाडी अडकते ती तो गोळा उंचवट्यावर टेकून. त्याला वर नेणारी एकच गोष्ट आहे, मोठा टायर. तुझ्या गाडीला 245/70 आर 16 असतील तर त्यांचा व्यास साधारण 749 मिलिमीटर. 265/70 आर 16 टाकलेस तर 777. म्हणजे गोळा फक्त 14 मिलिमीटर वर जाणार. त्यातही वेगाच्या काट्याचा हिशोब पावणेचार टक्क्यांनी सरकतो आणि स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या प्लॅस्टिकला घासतो का ते बघावं लागतं. तेवढ्या 14 मिलिमीटरसाठी मी तरी टायर बदलले नाहीत. जुने झिजले तेव्हा त्याच मापाचे ऑल-टेरेन घेतले. चाकोरीवरून जाताना एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरं बाहेरच्या कडेला ठेवायचं, हे आण्णांना तुझ्यामाझ्यापेक्षा चांगलं जमतं. त्यांना विचार.

आणि काळ्या मातीचं तुला वेगळं सांगायला नको, पण पुण्यात राहून विसरला असशील तर सांगतो. सांगोल्याला मुरूम आणि दगड आहे. तिथं पाऊस थांबला की तासाभरात गाडी निघते. मोहोळची ती चिकण रानं ओली असताना कुठलाही टायर चालत नाही. खाचा भरून टायर गुळगुळीत होतो, मडगार्डच्या आत चिखल थापला जातो आणि चाक फिरायचं थांबतं. फोर बाय फोर असो, नाहीतर आणखी काही. वाफसा येईपर्यंत, म्हणजे रान चालण्याजोगं सुकेपर्यंत, गाडी रस्त्याला लावायची आणि चालत जायचं, एवढंच.

शॉकअपवर मात्र पैसे घाल. सगळ्या सेटमधली हीच खरी वस्तू आहे. स्प्रिंग आणि पाटे वजन धरतात. त्यांची उसळी आवरायचं काम शॉकअपचं. खडबडीत कच्च्या रस्त्यावर सलग अर्धा तास गाडी चालली की आतलं तेल तापतं, त्यात हवेचे बुडबुडे मिसळून फेस होतो आणि शॉकअप मऊ पडतो. मग खड्ड्यातून वर आलेली गाडी दोन-दोनदा डोलते. आपल्या एप्रिल-मे महिन्यात, जेव्हा डांबरच वितळायला आलेलं असतं, तेव्हा हे आणखी लवकर होतं. म्हणून नायट्रोजन भरलेले घे. वायूच्या दाबानं फेस कमी होतो. त्यात दोन जाती. मोनोट्यूब लवकर थंड होतो, पण त्याच्या नळीला दगडाचा पोचा पडला तर आतला पिस्टन तिथंच अडकतो. ट्विन ट्यूबला बाहेरून पोचा पडला तरी आतली नळी सुरक्षित राहते. मी सांगोल्याच्या दगडांमुळे जाड ट्विन ट्यूब घेतले. तुलाही तेच सांगेन.

पैसे वाचवायला कुणी स्पेसर किंवा लांब शॅकल (पाटा चेसिसला जोडणारी कडी) लावून देतो म्हणाला तर सरळ नको म्हण. स्पेसर स्प्रिंगच्या वर बसतो. गाडी उंच दिसते, पण चाकाला खाली लोंबायची जागा तेवढीच कमी होते. लांब शॅकलनं मागच्या ॲक्सलचा कोन बदलतो आणि प्रोपेलर शाफ्टला थरथर सुरू होते. पूर्ण सेट लाखाच्या पुढे जातो हे मान्य. मग एक हंगाम थांब, पण तो प्रकार करू नकोस.

बसवायला गाडी इथं घेऊन ये. मार्केट यार्डाच्या बाजूला कांद्याच्या ट्रकांची कामं करणारे एक चाचा आहेत. आयुष्यभर पाट्यांचंच काम केलंय त्यांनी. बोलणं निम्मं मराठी, निम्मं दख्खनी, पण हात बघत राहावा असा. माझ्या गाडीचं काम सुरू करण्याआधी त्यांनी टेप काढून चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत माप घेतलं आणि खडूनं दारावर लिहून ठेवलं. मागचे जुने पाटे उतरवताना पाटे ॲक्सलला आवळणारा प्रत्येक यू-बोल्ट बाजूला फेकला. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा वापरायचा नाही म्हणाले. नवे पाटे चढवले, शॅकलचे बोल्ट घातले, पण आवळले नाहीत. मी बघतच राहिलो. गाडी घोड्यांवरून, म्हणजे लोखंडी स्टँडवरून, खाली घेतली, चाकं जमिनीला टेकली, हौद्यात दोघं पोरं उभी करून गाडी चार वेळा दाबली, आणि मग चाचा खाली सरकून उताणे झाले आणि टॉर्क पान्यानं एकेक बोल्ट आवळला. पाट्याच्या टोकातल्या बुशचं रबर बोल्ट आवळताना ज्या स्थितीत असतं तीच त्याची विश्रांतीची जागा होते. चाकं लोंबत असताना आवळलं तर गाडी खाली आल्याबरोबर रबराला पीळ बसतो आणि ते काही महिन्यांत फाटतं. चकचकीत दुकानांत हे होताना मी फारसं पाहिलेलं नाही. म्हणून कुठंही बसव, पण समोर उभा राहा. पाचशे किलोमीटर चालल्यावर यू-बोल्ट पुन्हा तपासायचे, अलाइनमेंट करायचं आणि हेडलाइटचा झोत खाली घ्यायचा. पुढचा भाग वर गेला की तुझा उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

बॉडीचं थोडक्यात. लोखंडी बंपर काढ यादीतून. केंद्राच्या रस्ते मंत्रालयानं डिसेंबर 2017 मध्ये अशा लोखंडी बंपरांवर, म्हणजे बुलबारवर, कारवाई करायला राज्यांना कळवलं होतं, आणि त्याचं कारण पटण्यासारखं आहे. पुढचा भाग चेपून धक्का शोषायला बनवलेला असतो आणि एअरबॅगचा सगळा हिशोब त्यावर असतो. शिवाय गावातल्या रस्त्यावर पोरं खेळत असतात. त्यांच्या छातीशी लोखंडी पाइप नको. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदलाला मनाई करतं, जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठामपणे सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड आहे. जे काही करशील ते आधी आर.टी.ओ.त आणि विमा कंपनीला विचारून, लेखी घेऊन कर. उद्या क्लेमच्या वेळी वाद नको.

त्या पैशांतून खालून संरक्षण घे. इंजिनच्या चेंबरखाली आणि गिअरबॉक्सखाली जाड पत्रा, ज्याला तेल बदलायला झाकण असेल असा. दाराखाली पायदान हवं असेल तर चेसिसला बोल्टनं बसणारं घे. बॉडीला अडकवलेलं पायदान दगडावर टेकलं की दाराचा उंबराच चेपतो. आणि पुढे-मागे चेसिसला पक्के ओढायचे हूक. हे सगळ्यात आधी. गावात गाडी रुतली की ट्रॅक्टर येतो आणि साखळी मिळेल तिथं अडकवतात. ट्रॉलीच्या बॉल हिचला तर कधीच अडकवू देऊ नकोस. तो तुटून सुटला तर गोळीसारखा येतो.

टपावरचा रॅक नको, वजन वर गेलं की वळणावर गाडी कलते. पाण्याचा ड्रम हौद्यात केबिनला चिकटून बांध. स्नॉर्कल धुळीसाठी उपयोगाचा आहे, वरची स्वच्छ हवा मिळते, एअर फिल्टर जास्त टिकतो. पण त्याच्या भरवशावर पाण्यात शिरायचं नाही. डिफरन्शियल आणि गिअरबॉक्सच्या ब्रीदरच्या (आतली हवा बाहेर सोडायच्या) नळ्या वर नेल्या नसतील तर तिथून पाणी आत ओढलं जातं. आणि बंधाऱ्यावरून पाणी वाहत असताना, बंड्या, कितीही उंच गाडी असली तरी घालायची नाही. पाणी दाराच्या उंबऱ्याला लागलं की गाडी हलकी होते, मग स्टेअरिंग आणि ब्रेक कशाचाच उपयोग उरत नाही. आण्णांनाही हे सांगून ठेव, ते घाईत ऐकत नाहीत.

शेवटी ग्रुपबरोबर नान्नजच्या माळावर गाड्या पळवायचं लिहिलंस, त्याला मी येणार नाही आणि तूही जाऊ नकोस. 1979 पासून ते माळढोकाचं अभयारण्य आहे. बाहेरून आलेल्याला तिथं नुसतं पडीक गवत दिसतं. पण टिटवी, चंडोल, स्वतः माळढोक, सगळे जमिनीवरच अंडी घालतात, आणि चाकाखाली गेलेलं अंडं चालवणाऱ्याला कळतसुद्धा नाही. काळवीट आणि लांडगेही त्याच गवतावर आहेत. गाडीची परीक्षा घ्यायचीच असेल तर माझ्या बागेमागं मुरमाची जुनी खाण आहे, मालकाची परवानगी मी घेतो, दिवसभर चढव-उतरव.

तर आता एवढं कर. गाडी सपाट जागी लाव, हौदा रिकामा, टाकी अर्धी. चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत माप घे आणि मला कळव. मागचे पाटे किती आहेत, त्यातला एखादा सपाट झालाय का किंवा तडकलाय का, त्याचा फोटो पाठव. शॉकअपला तेलाचा ओघळ दिसतो का तेही बघ. त्यावर मी चाचांशी बोलून पाट्यांचा नंबर ठरवतो. गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात त्यांच्याकडे गर्दी असते, म्हणून संक्रांतीच्या आधी ये. मुक्काम आमच्याकडेच. आई म्हणाली, येताना वहिनींना आणि पोरांना घेऊन ये, हुरडा तयार होतोय.

आण्णांना नमस्कार सांग.

तुझा,
दोस्त