किल्ला लाइक्सवर मोजणाऱ्या शाळांबद्दल शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शिक्षणमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या दिवशी माझा सातवीतला मुलगा दप्तर टाकून रडत बसला. शाळेच्या किल्ला स्पर्धेचा निकाल लागला होता. परीक्षक एकाच्याही अंगणात आले नाहीत. किल्ल्याची रील टाकायची, ज्याला जास्त लाइक्स त्याचा पहिला नंबर!

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात प्रतापगड आहे, म्हणून यानं प्रतापगड करायचा ठरवला. विटा रचल्या, चिखलात भिजवलेलं गोणपाट पसरलं, वर हळीव पेरले. बुरूज दोनदा ढासळला. तिसऱ्यांदा त्यानं मातीत भुस्सा कालवून पाहिला आणि बुरूज उभा राहिला. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, त्याचं त्याला सुचलं. पाच दिवस पोरानं माझा फोन मागितला नाही. सहाव्या दिवशी रील टाकली आणि मग दर दहा मिनिटांनी, "आई, फोन दे ना, किती झाले बघतो." हळिवांना पाणी घालायचं राहून गेलं. हिरवळ पिवळी पडली. लाइक्स मिळाले 41. पहिला नंबर बाजारातून आणलेल्या प्लास्टरच्या किल्ल्याला.

जूनच्या पालकसभेत शाळेनं शब्द दिला होता, की गृहपाठ वहीत लिहून देऊ. काल रात्री साडेनऊला तो पुन्हा ग्रुपवरच आला. मी शिवणकाम करते. गिऱ्हाइकांचे फोन, मापं, सगळं त्या एकाच फोनवर. गृहपाठ उतरवायला तो घेतो आणि तासाभराने बघावं तर भलतंच चालू. हिसकावून घेतला तर दोन-दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. रोज रात्री या घरात भांडण आहे साहेब, आणि त्याला आमंत्रण शाळेनं दिलंय. वर पालकांना उपदेश, मुलांना मोबाइल देऊ नका!

'असर' या देशभरातल्या शिक्षण-अहवालाच्या 2024 च्या पाहणीत खेड्यांतल्या स्मार्टफोन वापरता येणाऱ्या 14 ते 16 वयाच्या मुलांपैकी 57 टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, सोशल मीडियासाठी 76 टक्क्यांनी. आकडे तुमच्या टेबलावरही असतील. पुढे काय केलंत?

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने 2022 मध्ये ठरवलं, संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही, मोबाइल बंद. एका गावाला जमतं ते अख्ख्या खात्याला का जमू नये? मी चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा दिलेली बाई आहे. आमच्या वेळी चित्रकलेचा तास हा चित्रकलेचाच असायचा. मुलाच्या शाळेत त्या तासाला गणित घेतात. मैदानावर गाड्या उभ्या असतात. हाताला माती लागेल अशी एकही जागा पोरांना ठेवायची नाही, रिकामा वेळ ठेवायचा नाही, आणि मग भाषणांत म्हणायचं, नव्या पिढीनं नवनिर्मिती करावी. कशातून करावी?

मागणं थोडं आहे. सातवीपर्यंतचा गृहपाठ फोनवर देऊ नये, असा लेखी आदेश काढा. मुलांच्या कुठल्याही स्पर्धेचा निकाल लाइक्सवर लावायला बंदी घाला. चित्रकलेचा तास चित्रकलेलाच मिळतो का, हे न कळवता शाळेत जाऊन तपासा.

किल्ला अजून अंगणात आहे. मुलगा तो मोडू देत नाही, पण त्याच्याकडे बघतही नाही.

आपली,
एक आई