स्प्रिंगा कापण्याआधी

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू एका दमात यादी वाचून दाखवलीस: गाडी खाली बसवायची, 17 इंची अलॉय चाकं, मोकळा सायलेन्सर, रीमॅप, पांढरेशुभ्र एलईडी. आणि मग विचारलंस, "बाबा, करू ना?" मी नुसतं "बघू" म्हणालो आणि तू गप्प झालीस. तो नकार नव्हता गं. गाडी तुझी, पैसे तुझ्या कमाईचे. पण त्या यादीतल्या एकेका गोष्टीबद्दल मला जे ठाऊक आहे ते फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसलो.

तुझ्या वयाचा असताना मी माझ्या पहिल्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगा कापल्या होत्या. तयार लोअरिंग स्प्रिंगा परवडत नव्हत्या, म्हणून ग्राइंडर लावून प्रत्येकीचं एकेक वेटोळं उडवलं. गाडी छान खाली बसली. स्प्रिंगेची लांबी कमी झाली, एवढीच माझी समजूत. वेटोळी कमी झाली की स्प्रिंग कडकही होते आणि बैठकीत बसायला घडवलेलं तिचं टोकच आपण कापून टाकलेलं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. महिन्याभराने दुसऱ्याच कामासाठी गाडी गॅरेजात नेली. मेस्त्रींनी मागून जॅक लावला, चाक हवेत लोंबकळलं आणि स्प्रिंग आपल्या जागेवर सैल उभी होती. त्यांनी ती दोन बोटांनी गोल फिरवून दाखवली, डब्याचं झाकण फिरवावं तितकी सहज. म्हणाले, "उंचवट्यावर गाडी उडाली की ही जागा सोडणार. परत तिथंच बसेल याची खात्री नाही." तो महिनाभर तुझी आजी मागच्या सीटवर बसून माझ्याबरोबर फिरत होती. ती दोन बोटं मला अजून दिसतात.

तेव्हापासून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. गाडीतला कुठलाच भाग एकटा नसतो. स्प्रिंग शॉकअॅबशी, म्हणजे तिची उसळी आवरणाऱ्या नळकांड्याशी, जुळवलेली असते, शॉकअॅब टायरशी, टायर ब्रेकशी. एकाला हात लावलास की त्याचा भार दुसऱ्या कुणावर तरी जातो. तो कुणावर जातो हे आधी शोध आणि मग बदल कर. खाली बसवायचीच असेल, तर तुझ्याच मॉडेलसाठी बनवलेल्या स्प्रिंगा आणि त्यांना जोडीचे शॉकअॅब एकत्र घे. नंतर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, केल्याशिवाय घरी आणू नकोस. गाडी खाली आली की चाकांचा कलही बदलतो आणि टायर आतल्या कडेने गुपचूप झिजत जातो. बाहेरून पाहणाऱ्याला नक्षी शाबूत दिसते.

चाकांचा हिशेब तर मी कागदावर मांडून बघितला. तुझा टायर 185/65 R15 आहे: रुंदी 185 मिलिमीटर, बाजूची भिंत रुंदीच्या 65 टक्के, रिम 15 इंची. म्हणजे चाकाची उंची साधारण 621 मिलिमीटर. 17 इंची रिमवर 205/45 चढवलास तर उंची 616 च्या आसपास येते, स्पीडोमीटरची चूक नगण्य. पण टायरची बाजूची भिंत 120 मिलिमीटरवरून 92 वर येते. खड्ड्याचा मार पचवते ती हीच भिंत. ती कमी पडली की मार रिमला बसतो. शिवाय रिम जड निघालं तर ते वजन स्प्रिंगेच्या खालचं, त्यामुळे शॉकअॅबला चाक आवरायला जास्त झगडावं लागतं. 16 इंची रिमवर 195/55 घेतलास तर उंची तीच 621 राहते आणि भिंत 107 उरते. गाडी दिसेलही चांगली. माझं मत 16 ला. मात्र 15 इंची रिमवर नुसताच रुंद 205/65 चढवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस. त्यात उंची चार टक्क्यांनी वाढते, म्हणजे काटा 100 दाखवेल तेव्हा तू 104 ने चाललेली असशील.

रीमॅप, म्हणजे इंजिनाच्या संगणकातली आकडेमोड बदलून ताकद वाढवणं, सोडून दे. कंपनी ताकद मुद्दाम दाबून ठेवते असं सगळे म्हणतात आणि त्यात थोडं तथ्यही आहे. पण ती शिल्लक ठेवलेली असते हलक्या इंधनासाठी, कडक उन्हासाठी, ऑइल बदलायला विसरणाऱ्या मालकासाठी. टर्बो इंजिनात हवा दाबून भरतात; तो दाब, म्हणजे बूस्ट, वाढवून खरोखर मोठा फरक पडतो, आणि मग बहुतेक वेळा आधी क्लच घसरायला लागतो. तुझं इंजिन टर्बो नाही. हाती जे येईल ते तुझ्या पायाला कळणारसुद्धा नाही.

दिव्यांच्या बाबतीत मात्र मी हट्ट धरणार आहे. हॅलोजनच्या हेडलाइटमधली परावर्तक वाटी बल्बच्या तारेची नेमकी जागा धरून घडवलेली असते. त्या वाटीत एलईडीचा बल्ब खोचला की उजेड फुटण्याची जागा जराशी हलते, आणि तेवढ्यानेच झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. तुला रस्ता उजळ दिसेल, समोरून येणाऱ्याला काहीच दिसणार नाही. जास्त वॅटचे बल्बही नकोत. 60 वॅटचा बल्ब 12 व्होल्टवर 5 अँपिअर घेतो, 100 वॅटचा 8 च्या वर. तारेतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ तिप्पट. वितळलेल्या होल्डरचा तो तिखट वास एकदा घेतलेला माणूस विसरत नाही. आधी काचांचा पिवळेपणा घालवून घे आणि झोत नीट बसवून घे. निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात.

सायलेन्सरचंही तसंच. मधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढू देऊ नकोस, कुणी कितीही गळ घातली तरी. त्याच्या आतले प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे धातू कार्बन मोनॉक्साइडसारखा विषारी वायू निवळून बाहेर सोडतात. तो काढला तर तुझ्यामागे सिग्नलला उभ्या असलेल्या दुचाकीवाल्याच्या नाकात काय जाईल, ते बघ.

आता वाटेल की बाबा सगळं स्टॉकच, कंपनीने दिलं तसंच, ठेवा म्हणतोय. तसं नाही. मिनी ही ब्रिटनमधली साधी, छोटी घरगुती गाडी होती, 848 सीसीची, 34 हॉर्सपॉवरची. शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या जॉन कूपर यांना तिच्यात शर्यतीची गाडी दिसली आणि 1961 मध्ये 997 सीसी, 55 हॉर्सपॉवरची मिनी कूपर आली. पुढे 1964, 1965 आणि 1967 मध्ये मिनी कूपर एसने माँटे कार्लो रॅली जिंकली. मला त्या गोष्टीत सगळ्यात आवडतं ते हे, की 1961 च्या त्या पहिल्या कूपरमध्ये ताकद वाढवली तेव्हाच पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकही दिले होते. असा बदल करणाऱ्यापुढे मी हात जोडतो.

म्हणून तुझी यादी उलटी कर. सुरुवात ब्रेकपासून. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं, तुला आठवतं? ते हवेतला ओलावा शोषतं. ताजं डॉट 4 प्रतीचं ब्रेक ऑइल निदान 230 अंश सेल्सिअसला उकळतं, ओलावा मुरलेलं 155 च्या आसपासही उकळू शकतं. लांब उतारावर ब्रेक तापले आणि नळीत बुडबुडे झाले की पेडल सरळ तळाला जातं. ऑइल बदल, चांगले पॅड घाल, चांगले टायर घे. मग सहा महिने चालव. त्या सहा महिन्यांत तुझ्या हाताला, पाठीला जे खुपेल ते वहीत लिही. दुसऱ्या कुणाच्या गाडीकडे बघून काही लिहू नकोस. आणि जे बदलशील ते विमा कंपनीला आधी लेखी कळव, कंपनीचे काढलेले भाग खोक्यात जपून ठेव.

पुढच्या आठवड्यात आई तुझ्याकडे येतेय, तिच्याबरोबर माझा टॉर्क रेंच, नट ठरावीक जोरानेच आवळणारा पाना, पाठवतोय. नवी चाकं चढवशील तेव्हा नट समोरासमोरचे आवळ, आणि गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्यालाच थांब. पन्नासेक किलोमीटर चाललीस की पुन्हा एकदा तपास. आवळून झाल्यावर रेंच त्याच्यावरच्या सगळ्यात कमी आकड्यापर्यंत सैल करून ठेव, नाहीतर त्याच्या आतली स्प्रिंग बसते.

तुझा,
बाबा